घरदुरुस्तीचं काम देताना: उचल, हप्ते आणि एक साधा कागद

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या मध्यावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या मावशीच्या घराची कौलं उतरवली. छप्पर गळत होतं, तीन-चार वासे वाळवीनं पोखरले होते. नव्वद हजारांत काम ठरलं, तेही तोंडी. पहिल्याच दिवशी मेस्त, म्हणजे कामाचा मिस्त्री, म्हणाला, "वहिनी, लाकूड आणायचंय, माणसांना उचल द्यायचीय," आणि साठ हजार घेऊन गेला. दोन दिवस काम जोरात चाललं. अंगणात कौलांच्या रांगा लागल्या, पोखरलेले वासे खाली आले. तिसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. फोन लागायचा, पण उत्तर ठरलेलं: "उद्या सकाळी येतो." मग एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. काकांनी आणि मावशीनं निळी ताडपत्री दोऱ्यांनी बांधली, देव्हाऱ्यातले देव शेजारच्या घरी नेऊन ठेवले आणि सगळी रात्र सोप्यावर बसून काढली.

मेस्त पैसे घेऊन पळाला नव्हता. दोन गावं सोडून दुसऱ्या एका घरावर तो राबत होता. तिथल्या मजुरांची हजेरी तो मावशीच्या साठ हजारांतून देत होता. त्या घराची उचल त्याआधीच्या घरात जिरली होती. म्हणजे मावशीचं काम पुढे सरकायचं तर आणखी कुणीतरी नवी उचल द्यायला हवी होती. घरदुरुस्तीत अडकणारे बहुतेक पैसे असेच अडकतात. सरळसरळ लुबाडणारेही असतात, पण माझ्या पाहण्यात ते थोडे. म्हणून "माणूस ओळखीचा आहे, तो फसवणार नाही" एवढ्यावर राहू नका. चांगल्या मनाचा माणूसही या साखळीत सापडतो आणि आपल्यालाही तिच्यात ओढतो.

उचल मागण्यात लबाडी नसते, हेही समजून घ्यायला हवं. मेस्ताकडे भांडवल नसतं. त्याच्या हाताखालचे मजूर, आपल्याकडे त्यांतले कितीतरी उत्तर कर्नाटकातून आलेले, आठवड्याच्या बाजाराला हजेरी मागतात. हार्डवेअरवाला त्याला किती दिवस उधार देणार? त्यामुळे "काम पूर्ण झाल्यावरच पैसे" असं म्हणणारा मालकही त्याला अडचणीतच टाकतो. पैसा कामाच्या मागे राहावा, पण फक्त एक पाऊल मागे. तो पुढे गेला की आपण अडकतो आणि फार मागे राहिला की मेस्त.

सामान वेगळं, मजुरी वेगळी

हे जमवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सामानाचे पैसे मेस्ताच्या हातात न देणं. कामाची यादी त्याच्याकडून करून घ्या, दुकानात त्याच्यासोबत जा, पैसे थेट दुकानदाराला द्या आणि बिल आपल्या नावावर घ्या. काही ठिकाणी काम आणणाऱ्या कारागिराला दुकानदाराकडून कमिशन मिळतं. त्यावरून वाद घालत बसू नका, दोन दुकानांत भाव विचारा म्हणजे झालं. आपण सोबत असलो की काय येतंय तेही दिसतं. सिमेंटच्या पिशवीवर ती कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नये. आपल्या दमट हवेत ते आणखी लवकर बिघडतं, आणि पिशवीत खडे झालेलं सिमेंट तर परतच करावं. वायर, स्विच, पाइप यांवर आयएसआय खूण बघा. तिच्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की खूण खरी की खोटी ते घरबसल्या कळतं.

फोंड्याजवळच्या आमच्या घराचं काम ज्या वयस्क मेस्तकाकांनी केलं, त्यांची एक सवय मला फार आवडली. सिमेंटची पिशवी रिकामी झाली की ते ती झटकून, घडी घालून पडवीच्या कोपऱ्यात ठेवायचे. दहा झाल्या की सुतळीनं गठ्ठा बांधायचे. काम संपल्यावर म्हणाले, "मोजून घ्या." तीन गठ्ठे आणि वर चार पिशव्या, म्हणजे चौतीस. दुकानाच्या बिलावरही चौतीसच. तुमचा मेस्त हे आपणहून करत नसेल तर पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. यात कुणालाच अपमान वाटण्यासारखं काही नाही.

मग राहते मजुरी. समजा, मावशीसारखं छपराचं काम आहे आणि मजुरी पन्नास हजार ठरली आहे. मी ती अशी वाटेन: काम सुरू होताना पाच हजार. वासे, रीप बसून लाकडाचा सांगाडा पुरा झाला की पंधरा. कौलं चढून कोना-वळचण झाली की वीस. अंगण साफ झालं की पाच. उरलेले पाच पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर. आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदलतील. महत्त्वाचं हे की प्रत्येक हप्ता डोळ्यांनी दिसणाऱ्या कामाला बांधलेला असावा, तारखेला नव्हे. "दर शनिवारी दहा हजार" असं ठरवलंत तर शनिवार येतच राहतात, काम येईलच असं नाही.

शेवटचा हप्ता पावसापर्यंत राखून ठेवणं ही तर आपल्या मुलखाची खास गरज आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात कोरडं दिसणारं छप्पर खरं की खोटं हे मिरगाचा पाऊसच सांगतो. मात्र ही गोष्ट आधी ठरलेली हवी. काम झाल्यावर अचानक "पाच हजार पाऊस पडल्यावर देते" म्हणणं अन्याय आहे. सपाट स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही. नळी बंद करून, कडेला बांध घालून स्लॅबवर निदान पूर्ण एक दिवस-रात्र, जमलं तर दोन, पाणी साठवून ठेवायचं आणि खालून छत बघायचं. ओल दिसली तर हप्ता थांबतो.

"रेट चारशे" म्हणजे कशाचे?

भांडणं होतात त्यांतली निम्मी मोजमापावरून. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये मोजतात, बांधकामाचा दर कुणी मीटरनं सांगतो, तर रंगारी आणि फरशीवाले फुटानं बोलतात. एका चौरस मीटरमध्ये जवळजवळ पावणेअकरा चौरस फूट असतात. त्यामुळे "रेट चारशे" ऐकून आपण मीटर धरला आणि त्यानं फूट धरला तर बिल दहापटींहून जास्त फुगतं. इतका मोठा फरक लगेच लक्षात येतो हे खरं, पण तोवर भिंत अर्धी खरवडलेली असते.

दुसरी गफलत छपराची. घराची जागा दहा मीटर बाय आठ मीटर, म्हणजे ऐंशी चौरस मीटर, म्हणून छप्परही ऐंशीच असं आपण धरतो. पण छप्पर उतरतं असतं. उतार तीस अंशांचा असेल तर त्याच जागेवरचं छप्पर साधारण ब्याण्णव चौरस मीटर भरतं, आणि भिंतीबाहेर येणारी वळचण त्याहून वेगळी. मेस्तानं जास्त आकडा सांगितला म्हणजे तो फसवतोय असं नाही. टेप लावून दोघांनी मिळून मोजा आणि तो आकडा दोघांच्या समोर लिहा. रंगकामात दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या.

कागद

तोंडी ठरलेला करारही आपल्याकडे करारच असतो. १८७२ चा करार कायदा साध्या कामासाठी लेखी कागदाची सक्ती करत नाही. कागद लागतो तो काय ठरलं होतं हे सिद्ध करायला, आणि त्याहूनही जास्त, काय ठरलं होतं ते दोघांच्याही लक्षात राहायला. वहीचं एक पान पुरतं. मालकाचं नाव, कारागिराचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन, काय काम करायचं, सामान कुणाचं आणि कोणत्या कंपनीचं, दर आणि मोजमाप, हप्ते, सुरुवात कधी, शेवट कधी. खाली दोघांच्या सह्या. कागदाचा फोटो काढून तिथल्या तिथे त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

त्या पानावर आणखी तीन गोष्टी मी आवर्जून लिहीन, कारण त्या कुणी लिहीत नाही. एक, उतरवलेलं जुनं सामान कुणाचं. जुनी मंगळुरी कौलं, सागवानी वासे, जुनी दारं यांना आज चांगला भाव आहे. "मोडीत काढलं" म्हणून गाडीत भरून नेलेलं लाकूड पुन्हा कधी दिसत नाही. दोन, चिरे-मातीचा राडारोडा कोण नेणार आणि कुठे टाकणार. कुणाच्या शेतात किंवा सखल जागेत परवानगीशिवाय भराव टाकणं गोव्यात बेकायदा आहे, आणि तक्रार झाली तर लोक विचारत येतात ते "कुणाच्या घरची माती?" असं. तीन, जास्तीचं काम. भिंत उघडल्यावर आत आणखी काही निघतं, हे जुन्या मातीच्या घरात ठरलेलंच. म्हणून लिहा: वाढीव काम किंमत ठरवून, व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो' आल्यावरच सुरू करायचं.

"दहा वर्षांची गॅरंटी" ही तोंडी असेल तर ती गॅरंटी नव्हे. कोण देतो, कशाची देतो, गळलं तर येऊन काय करून देणार आणि सामान कुणाच्या खर्चानं, हे चार शब्दांत लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगच्या डब्यावरची कंपनीची हमी बहुधा अटींसह येते, तेव्हा त्या अटी वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

मोठी दुरुस्ती असेल, छपराचा आकार किंवा भिंत बदलणार असेल, तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारा. "मी बघतो ते" असं मेस्त म्हणतो, पण नोटीस येते ती घरमालकाच्या नावानं. समुद्र-खाडीकाठच्या घरांना किनारी नियमांचाही अडसर येऊ शकतो. घर एकत्र मालकीचं असेल तर भावाबहिणींना कळवून ठेवा. अर्धं उघडलेलं छप्पर आणि घरातला वाद, दोन्ही एकदम सांभाळणं फार कठीण जातं.

विजेच्या कामाला मात्र वेगळा नियम आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानंच, जाणकाराच्या देखरेखीखाली करायचं असतं. परवान्याचा फोटो मागा. आपल्या ओल्या भिंतींत अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. बसवल्यावर ब्रेकरचं टेस्ट बटण स्वतःच्या बोटानं दाबून बघा. खट्कन बंद झाला तरच पैसे द्या.

पैसे देताना

यूपीआयनं द्या, कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात द्या, आणि टिपणाच्या जागी 'छप्पर, दुसरा हप्ता' असं लिहा. "भावाच्या नंबरवर टाका" म्हटलं तर तसा मेसेज आधी त्याच्या नंबरवरून मागून घ्या. रोख द्यावीच लागली तर वहीत तारीख, रक्कम आणि सही घ्या. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावायचं असतं. एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की सांगून ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "उरलेले पैसे परत पाठवतो, कोड स्कॅन करा" म्हणणारा माणूस पैसे परत पाठवत नसतो, तो ते काढून घेत असतो. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीला इंटरनेटवर पहिला दिसलेला नंबर लावू नका, वॉरंटी कार्डावरचा लावा. अशी फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जीएसटीबद्दल बराच गोंधळ आहे. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही. म्हणून गावातल्या मेस्ताकडे जीएसटीचं बिल नसणं यात गैर काही नाही. पण ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी वसूल करता येत नाही. बिलात अठरा टक्के लावले असतील तर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक बघा. गोव्याचा ३० नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं, कर्नाटकाचा २९ नं. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. "बिल नको, अठरा टक्के वाचतील" या सौद्यात कर बुडतोच, शिवाय उद्या गळलं तर दाखवायला आपल्या हातात काहीच उरत नाही.

काम अडलं तर

मावशी पोलिसांकडे गेली होती. त्यांनी सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. तिला फार वाईट वाटलं, पण त्यामागचं कारण समजून घेतलेलं बरं. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता, हे दिसावं लागतं. दोन दिवस काम करून मग थांबणं हा बहुतेक वेळा करार मोडणं ठरतो, गुन्हा नव्हे. खोटं नाव, खोटा पत्ता, पैसे घेऊन त्याच दिवशी फोन बंद, असं असेल तर गोष्ट वेगळी.

आपला खरा रस्ता ग्राहक कायद्याचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी त्यात येते. इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. तुम्ही एखाद्याला रोजंदारीवर ठेवलंत, 'आज हे कर, उद्या ते कर' असं स्वतः सांगत काम करून घेतलंत, तर कायद्याच्या नजरेत तो तुमच्या हाताखालचा माणूस ठरू शकतो. तसं नातं या कायद्याच्या 'सेवे'त बसत नाही. काम अंगावर दिलंत, म्हणजे 'एवढं छप्पर एवढ्या रकमेत गळतीशिवाय करून द्या' असं ठरवलंत, तर ती सेवा होते आणि तुम्ही ग्राहक ठरता. मक्त्यानं दिलेल्या कामाचा कागद असावा, तो यासाठीही.

आधी मुदत घालून लेखी कळवा: व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टानंही. दुसऱ्या मेस्तानं हात लावण्याआधी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. हे बहुतेकजण विसरतात, आणि मग कुणाचं काम वाईट होतं ते सांगता येत नाही. उरलेल्या कामाला किती लागतील याचा दुसऱ्या कारागिराकडून लेखी अंदाज घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथे चालतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारागीर कुठलाही असो. मुदत मात्र दोन वर्षांची. "येतो, येतो" ऐकत ती घालवू नका.

मावशीनं आयोगात जायचा विचार केला होता, पण हातात ना कागद, ना पावती. साठ हजार रोख दिलेले. शेवटी गावातल्या चार माणसांनी मध्ये पडून पंचवीस हजार परत मिळवले, आणि छप्पर नव्या मेस्ताकडून भर पावसात, दुप्पट मजुरी देऊन पूर्ण केलं. पावसाच्या तोंडावर सगळा गाव मेस्ताला शोधत असतो, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी रंगाऱ्याला. तेव्हा ना भाव आपल्या हातात असतो, ना माणूस. छपराचं काम असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच बोलून ठेवा. त्या मेस्तानं मागच्या पावसाळ्याआधी केलेलं एखादं छप्पर जाऊन बघा आणि घरच्या बाईला विचारा, कुठे भांडं ठेवावं लागतं का.

मेस्तकाकांनी आमचं काम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपवलं होतं. पाच हजार राहिले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर कोसळला, आणि सकाळी सातला ते छत्री घेऊन स्वतःच दारात. आत येऊन बॅटरीच्या उजेडात कोना बघितला, वळचणीखालची भिंत हातानं चाचपली. स्वयंपाकघरावरच्या एका कौलाखालून थेंब येत होता. शिडी मागितली आणि पाऊस उघडल्यावर वर जाऊन कौल बदललं. खाली उतरून चहा घेतला. मी पाच हजार त्यांच्या खात्यात टाकले, टिपणात 'शेवटचा हप्ता' लिहिलं, आणि वहीच्या त्या पानावर त्यांनी सही केली.